सही करण्याआधी : वस्तीसुधारणा आणि 'लोकसहभाग'

(हैदराबादमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिलाय 'मागास वस्त्यांच्या विकासाच्या शासकीय योजना आणि लोकसहभाग'. विषय परीक्षेतल्या प्रश्नासारखा आहे, उत्तरही तसंच देता येईल. पण मी माझ्या गल्लीपासून सुरुवात करतो, कारण या विषयात माझा स्वतःचा एक गुन्हा आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलता येणार नाही.

मुंबईच्या पूर्व उपनगरात आमची वस्ती, अडीचशेएक घरांची. मी बारावीत होतो, गल्लीतला दहावीच्या पुढे गेलेला पहिला पोरगा. एका रविवारी सकाळी चार जण आले. दोघं आमच्याच मंडळाचे, दोघं बाहेरचे. त्यांच्याकडे छापील कागदांचा गठ्ठा आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड. 'बिल्डिंग होणार, प्रत्येकाला फुकट फ्लॅट, फक्त संमती द्यायची.' आमच्या शेजारी मावशी राहायची. सख्खी नाही, पण मला तिनंच वाढवलं म्हटलं तरी चालेल, कारण आई दोन पाळ्या करायची. मावशी म्हणाली, 'थांबा जरा, आमचा पोरगा शिकलेला आहे, तो वाचेल.' आणि तिनं तो कागद माझ्या हातात दिला.

तीन पानं होती. मी पहिलं वाचलं. संस्थेचं नाव, जमिनीचा नंबर, 'आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी पुनर्विकासास इच्छुक आहोत' वगैरे. मागची दोन पानं बारीक अक्षरात होती, भाषा कोर्टाची होती, आणि चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मला ती भाषा कळत नाही हे त्यांच्यासमोर दाखवायची लाज वाटली. मी म्हटलं, 'बरोबर आहे मावशी, घर मिळणार आहे.' तिनं अंगठा दिला. तिच्यामागे गल्लीतल्या अकरा बायकांनी दिला. 'पोरानं वाचलंय' एवढंच कारण त्यांना पुरलं.

तीन वर्षांनी परिशिष्ट-२ लागलं. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत कोण पात्र आणि कोण अपात्र, याची जी यादी सक्षम अधिकारी काढतो, ती म्हणजे परिशिष्ट-२. त्या वेळी अट होती १ जानेवारी १९९५ च्या आधीपासून राहत असल्याच्या पुराव्याची. मावशी लग्न होऊन आली १९८९ मध्ये. पण फोटोपास सासूच्या नावावर, लाइटचं बिल सासूच्या नावावर, सासू वारलेली, आणि मतदार यादीत मावशीच्या नवऱ्याचं आडनाव चुकलेलं. शेरा : अपात्र. मागच्या पानांवर हेच लिहिलेलं होतं. पात्रता अधिकारी ठरवेल, अपात्र ठरणाऱ्याचा घरावर हक्क राहणार नाही, जागा खाली करून द्यावी लागेल, आणि विकासकाशी बोलण्याचे सगळे अधिकार कमिटीला. वस्ती तयार आहे हे दाखवायला तिचा अंगठा उपयोगी पडला. घरं वाटायची वेळ आली तेव्हा ती वस्तीत धरलेलीच नव्हती.

आता योजनांकडे येतो.

तुम्ही ज्या शहरात शिकताय, त्याच हैदराबादमध्ये १९६७ साली महापालिकेनं 'अर्बन कम्युनिटी डेव्हलपमेंट' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात आधी इमारत आली नाही, माणूस आला. समाजसंघटक वस्तीत जायचा, बालवाडी आणि शिवणवर्ग सुरू व्हायचे, बायकांचे-तरुणांचे गट व्हायचे. नंतरच्या काळात त्याच पायावर जमिनीचे पट्टे आणि बँकेचं कर्ज घेऊन लोकांनी स्वतः घरं बांधली. देशात वस्तीला हटवण्याऐवजी सुधारायचं, आणि तिथल्या माणसांना धरून सुधारायचं, या विचाराचं हे एक जुनं उदाहरण. मी मुद्दाम सांगतोय, कारण तुम्ही रोज ज्या वस्त्यांच्या शेजारून जाता त्यातल्या काहींच्या पायात हा इतिहास आहे.

त्यानंतर योजनांची रांग लागली. १९७२ ची झोपडपट्ट्यांच्या पर्यावरण सुधारणेची योजना, म्हणजे नळ, गटार, दिवे, फरशी. १९९६ चा राष्ट्रीय झोपडपट्टी विकास कार्यक्रम. १९९७ ची सुवर्ण जयंती शहरी रोजगार योजना, जिच्यात शेजारगट, त्यांच्या समित्या आणि वर सामुदायिक विकास सोसायटी असा जिनाच बांधला होता. डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियान, त्यातला शहरी गरिबांसाठीचा बीएसयूपी हा भाग. मग राजीव आवास, मग २०१५ ची पंतप्रधान आवास. नावं बदलली, पण 'लोकसहभाग' हा शब्द प्रत्येकीत राहिला. नेहरू अभियानात तर राज्यांनी लोकसहभागाचा कायदा करायचा अशी अटच होती. महाराष्ट्रानं २००९ मध्ये क्षेत्रसभांची तरतूद केली. म्हणजे शहरातल्या वस्तीलाही ग्रामसभेसारखी सभा. तुमच्यापैकी शहरात वाढलेल्या कुणी क्षेत्रसभेला गेलंय का? हात वर करा. ...बरं.

कायदा आहे, सभा नाही, आणि कागदावर सहभाग मात्र झालेला असतो. तो होतो कसा? कुणाची तरी 'कम्युनिटी' अशी नोंद होते म्हणून. हा शब्द मला कायम टोचतो. मराठीत आपण त्याला 'समाज' म्हणतो आणि लगेच छाती फुगते. पण अधिकारी वस्तीत येतो तेव्हा समाज म्हणून त्याला कोण भेटतं? मंडळाचा अध्यक्ष, माजी नगरसेवकाचा माणूस, ज्याच्या घराला पत्र्याऐवजी स्लॅब आहे तो. बैठक संध्याकाळी सातला, म्हणजे बायका चुलीपाशी. भाडेकरूला कुणी बोलावत नाही. माळ्यावर राहणाऱ्याला कुणी धरत नाही. आमच्या वस्तीत बौद्ध, मातंग, वाल्मीकी, चार घरं मुसलमान शिकलगारांची, अशी सरमिसळ होती. सार्वजनिक संडास कुठे बांधायचा हे 'समाजाच्या' बैठकीत एकमतानं ठरलं. कुणाच्या दारात बांधला ते मी सांगायला नको. त्या गल्लीतलं कुणी बैठकीला नव्हतं, आणि त्या दिवशी आपले लोकही गप्प बसले. हे आपण आपल्याच पोर्टलवर आणि आपल्याच अभ्यासवर्गात बोललं पाहिजे, नाहीतर बोलायचं कुठे?

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना खेड्याबद्दल जे सांगितलं ते तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. खेडं हा राज्याचा पाया करा अशी मागणी होत होती. त्यांनी ती नाकारली, आणि मसुद्यानं खेडं सोडून व्यक्ती हे एकक मानलं याबद्दल समाधान व्यक्त केलं. आपण ते वाक्य खेड्यापुरतं वाचतो. मला वाटतं ते वस्तीलाही लागू आहे. वस्ती हे एकक धरलं की वस्तीतला बलवान सगळ्यांच्या वतीनं सही करतो. मावशी हे एकक धरलं, तर प्रश्न बदलतो : तिला कागद मिळाला का, तिला समजेल अशा भाषेत मिळाला का, आणि 'नाही' म्हणायला तिच्यापाशी वेळ होता का?

आकडाही बघा. २०११ च्या जनगणनेत झोपडपट्टीत राहणारे साडेसहा कोटींच्या आसपास. त्यात अनुसूचित जातींचं प्रमाण २० टक्क्यांच्या थोडं वर. एकूण शहरी लोकसंख्येत मात्र ते साडेबारा टक्क्यांच्या आसपास आहे. आणि जनगणनेच्या व्याख्येत ख्रिश्चन आणि मुसलमान दलित अनुसूचित जातीत धरले जात नाहीत, हे विसरू नका. म्हणजे हा विषय नगररचनेच्या पुस्तकात 'गरिबी' या धड्याखाली येतो, पण घरोघर गेलं की जात भेटते. मागास वस्ती मागास का राहिली, हे न विचारता तिचं नूतनीकरण करायचं, हा सगळा प्रकार मला भिंतीला ओल असताना वरून रंग काढण्यासारखा वाटतो.

आता जिथे काही बरं घडलं, तिथे थोडा वेळ थांबू. कारण सगळंच फसवं आहे असं म्हणून हात झटकणं सोपं असतं.

१९८० च्या दशकात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी 'महिला मिलन' उभं केलं. त्यांच्यासोबत 'स्पार्क' ही संस्था आणि झोपडपट्टीवासीयांचं राष्ट्रीय संघटन होतं. या बायकांना कुणी तरी विचारलं, तुम्हाला घर कसं हवं? त्यांना फूट-इंचात सांगता येईना. मग त्यांनी साडीनं मापं घेतली, आणि बांबू-कापडाचं पुऱ्या मापाचं घर उभं केलं. आत जाऊन बसल्या, झोपल्या, चूल कुठे येईल ते बघितलं. त्यातून चौदा फूट उंचीचं, अर्ध्यावर माळा असलेलं घर निघालं, कारण एवढ्याशा जागेत कुटुंब वाढलं तर वरच वाढणार. नकाशा वाचता न येणाऱ्या बाईला नकाशावर मत द्यायला लावायचं, तर नकाशा तिच्या अंगाच्या मापाचा करावा लागतो. ही अक्कल त्यांनी विद्यापीठातून आणली नव्हती.

हीच पद्धत पुढे पुण्यात येरवड्याला गेली. नेहरू अभियानाच्या बीएसयूपी योजनेत पुणे महापालिकेनं येरवड्यातल्या काही वस्त्या आहे तिथेच सुधारायला घेतल्या. वडारवस्ती, नेताजीनगर, मदर तेरेसा नगर ही त्यातली काही नावं. वडारवस्ती या नावातच शहर कुणी बांधलं ते लिहिलेलं आहे. इथे बुलडोझरनं सगळं सपाट करून टॉवर उभा केला नाही. पक्की घरं तशीच ठेवली, कच्ची पाडून त्याच जागी नवी बांधली. महिला मिलनच्या बायकांनी घरोघर जाऊन मोजणी केली. प्रसन्न देसाई यांच्यासारखे वास्तुरचनाकार आराखडे घेऊन गल्लीत बसले. घर २५ चौरस मीटरचं. ज्याची जागा त्याहून लहान, त्यानं शेजाऱ्याशी मिळून एकत्र बांधायचं, किंवा वर जायचं. गल्ली तीच, शेजार तोच, मुलाची शाळा आणि धुण्याभांड्याची कामं चालत जायच्या अंतरावर. ज्यांची आई घरकाम करते त्यांना हे शेवटचं वाक्य काय किमतीचं आहे ते कळेल.

पण गोडवे गाऊन थांबत नाही. ही घरं फुकट नव्हती. या योजनेत लाभार्थ्यानं कमीत कमी १२ टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वगैरे गटांनी १० टक्के. एका घराचा खर्च तीन लाख धरला तर तीस हजार. एकरकमी कुणाकडे असतात? बचतगट असलेल्या गल्लीला जमलं, नसलेल्या गल्लीला सावकाराकडे जावं लागलं. बांधकाम चालू असताना राहायचं कुठे, हे अनेकांनी आपल्याच खिशातून सोडवलं. भाडेकरूंना त्यात जागा नव्हती. आणि अरुंद जागेत एकेक घर बांधायचं म्हणजे ठेकेदाराला परवडत नाही, काम रखडतं. तरीही मला विचाराल तर माझ्या वस्तीतल्या टॉवरपेक्षा मी ती गल्ली घेईन.

पैसे भरण्यावरून एक आठवलं. अहमदाबादेत १९९५ च्या सुमाराला 'परिवर्तन' नावानं वस्त्यांमध्ये नळ, गटार, रस्ते, दिवे द्यायचा प्रकल्प झाला. त्यात घरटी दोन हजार रुपये भरायचे होते. बदल्यात महापालिकेनं दहा वर्षं वस्ती हटवणार नाही असं लेखी दिलं. दहाच वर्षं, मालकी नाही, कमी आहे हे मान्य. पण लेखी होतं. आपल्या लोकांना आश्वासनं ढिगानं मिळतात, लेखी फार थोडं मिळतं.

लेखी देण्यात ओडिशा पुढे गेलं. २०१७ मध्ये तिथे झोपडपट्टीवासीयांना जमिनीचा हक्क देणारा कायदा झाला, २०१८ मध्ये 'जागा मिशन' सुरू झालं. ड्रोननं वस्तीचा नकाशा काढला, पण तेवढ्यावर भागवलं नाही. तो नकाशा घेऊन माणसं दारोदार गेली, कुठलं घर कुणाचं ते लोकांसमोर तपासलं. प्रत्येक वस्तीत रहिवाशांची संघटना केली, आणि पुढे गटार-रस्त्यांची छोटी कामं त्या संघटनांकडेच दिली. हक्काचं प्रमाणपत्र नवरा-बायको दोघांच्या नावानं. ते वारसाला जातं, घरासाठी गहाण ठेवता येतं, पण विकता येत नाही. हे काम छोट्या शहरांत वेगानं झालं. जमीन जिथे महाग, त्या मोठ्या शहरांत मागे राहिलं. जमिनीचा भाव वाढला की लोकसहभाग कमी होतो, हा नियम मला सगळीकडे दिसला आहे.

मुंबईत तो नियम कायद्यातच दिसतो. १९९५ ला झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं तेव्हा ७० टक्के पात्र रहिवाशांची संमती लागायची. नंतर ती ५१ टक्क्यांवर आणली. धारावीच्या पुनर्विकासात ती अटच ठेवलेली नाही, आणि तिथे माळ्यावर राहणाऱ्यांना घर मिळणार ते धारावीच्या बाहेर. दिल्लीत कठपुतली कॉलनीचं बघा. बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या, जादूगार, ढोलवाल्या कलावंतांची वस्ती. २००९ मध्ये तिथला पुनर्विकास खासगी विकासकाला दिला गेला, 'आहे तिथेच पुनर्वसन' या नावाखाली. लोक वर्षानुवर्षं विचारत राहिले की आमचे खेळ, आमच्या उंच काठ्या, आमचे ढोल टॉवरमध्ये कुठे ठेवायचे? २०१७ च्या ऑक्टोबरात पोलीस बंदोबस्तात घरं पाडली. काही संक्रमण शिबिरात गेले, काहींना नरेला दाखवलं. नरेला कुठे आहे ते दिल्लीत शिकणाऱ्या मित्राला विचारा. तिथून खेळ करायला शहरात यायचं भाडंच कमाईएवढं.

मग आपण काय करायचं? तुम्ही पहिल्या पिढीचे पदवीधर आहात. तुम्ही मोर्चाला या न या, पण कागद तुमच्या हातात येणार आहे. आईच्या, काकाच्या, शेजारच्या मावशीच्या वतीनं. 'आमचा पोरगा शिकलेला आहे, आमची पोरगी वाचेल' हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणारच. तेव्हा माझ्यासारखं करू नका. कळलं नाही तर 'मला कळलं नाही' असं चारचौघांत म्हणा. पदवीला त्यानं काही होत नाही. कागद घरी ठेवून घ्या, आठ दिवस मागा. देत नसतील तर फोटो काढा. न देण्याची घाई हीच पहिली खूण. संमतीपत्राला सभेच्या इतिवृत्ताची प्रत जोडायला सांगा, त्यात हजर म्हणून कुणाकुणाची नावं आहेत ते बघा. मी एकदा बघितलं तर त्यात वारलेल्या माणसाची सही होती. माहितीच्या अधिकारात आराखडा, ठेकेदाराशी झालेला करार आणि लाभार्थ्यांची यादी मागता येते, दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, योजना यायच्या आधी पुरावे सरळ करा. सासू वारली तर लाइटचं बिल त्याच वर्षी बदलून घ्या. रेशनकार्डावरचं, मतदार यादीतलं, आधारवरचं आडनाव एकसारखं करा. फोटोपास ज्याच्या नावावर आहे तो माणूस असतानाच वारसाची कागदपत्रं करा. माझ्या वस्तीत आम्ही चौघं जण दर रविवारी बुद्धविहारात टेबल टाकून बसतो. लोक पिशव्या घेऊन येतात, त्यात १९७६ च्या झोपडपट्टी गणनेचे पास असतात, पावसात भिजलेली बिलं असतात. दोन तासांत आठ-दहा घरांचे कागद लागतात. याला कुणी आंदोलन म्हणणार नाही, पण यादी लागते तेव्हा त्याचा उपयोग होतो. इथल्या वस्त्यांमध्ये नांदेड, लातूरकडून आलेले आपले लोक आहेत. तेलुगू कागद त्यांना वाचता येत नाही. तुम्ही इथल्या तेलुगू मित्रमैत्रिणींना सोबत घेतलं तर हे काम इथेही होईल.

मावशीचं सांगायचं राहिलं. आम्ही अपील केलं. सासूच्या मृत्यूचा दाखला, लग्नाच्या नोंदीच्या जागी विहारातला दाखला, १९९० चं मुलाचं जन्मप्रमाणपत्र, सगळं जोडलं. पहिल्यांदा फेटाळलं गेलं. दुसऱ्या वेळी निकाल बाजूनं लागला, पण तोवर सहा वर्षं गेली होती आणि इमारतीतली घरं वाटून झाली होती. ती अजून दिव्याला भाड्यानं राहते, 'पुढच्या टप्प्यात' घर आहे असं तिला सांगितलं जातं. भांडुपला कामाला यायला पहाटेची लोकल पकडते. मला ती कधीच काही बोलली नाही. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा चहा दिला आणि नवीन आलेलं एक पत्र पुढे ठेवलं. मी वाचायला लागलो तर म्हणाली, 'बस खाली नीट. सगळं वाच, घाई नाही.' सव्वा तास लागला. त्यातल्या एका कलमावर आता हरकत घेतली आहे, सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.

तुमच्यापैकी तिघांनी मला आधीच कळवलं होतं की घरी असे कागद आलेत. आणले असतील तर चहानंतर मागच्या खोलीत बसू. चष्मा आणलाय मी.